सांगणाऱ्याचे ऋण

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त योजलेल्या व्याख्यानाचा पाठ)



हीरक महोत्सव हा स्मरणाचा प्रसंग असतो. शाळेतून बाहेर पडलेल्या डॉक्टरांची, अभियंत्यांची, प्राध्यापकांची नावे अशा वेळी अभिमानाने घेतली जातात, आणि ती घ्यावीतच. परंतु शाळेचे मूळ काम मुलाच्या हाती लेखणी देण्याचे. साठ वर्षे लेखणी वाटणाऱ्या संस्थेने एखाद्या दिवशी असेही विचारावे, की ही लेखणी ज्या माणसांविषयी लिहिते त्यांचे ती काय देणे लागते? आपल्या परंपरेने देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण सांगितले. ज्याने आपले गाणे, आपली कथा, आपले औषध, आपले दुःख लिहिणाऱ्याला सांगितले, त्या सांगणाऱ्याचेही एक ऋण असते. आजचा विषय त्या ऋणाचा आहे.

हा विषय सदरमधल्या शाळेला दूरचा नाही. सदर ही छावणीमुळे वसलेली वस्ती. छावणी, रेल्वे आणि तोफगाडी कारखाना यांच्या आधाराने अनेक मराठी कुटुंबे या शहरात स्थिरावली. परंतु या भूमीची जुनी ओळख गढा-मंडला या गोंड राज्याची आहे. येथून थोड्याच अंतरावर, मालगोदाम चौकात, राजा शंकरशाह आणि कुंवर रघुनाथशाह यांचे स्मारक आहे. १८ सप्टेंबर १८५७ रोजी या गोंड पितापुत्रांना जबलपुरात तोफेच्या तोंडी दिले गेले. त्यांच्याविरुद्धच्या पुराव्यात एक पद्य होते. शत्रूचा संहार कर, अशी देवीला केलेली ती प्रार्थना होती. तिचे इंग्रजी भाषांतर झाले आणि पुढे ते १८५७ वरील इंग्रजी इतिहासग्रंथांत छापले गेले. एका गोंड राजाची प्रार्थना जगापुढे गेली ती त्याच्या अपराधाचा पुरावा म्हणून. शब्द त्याचे होते, पण त्यांचा अर्थ लावण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती होता.

यानंतर नऊ वर्षांनी, १८६६-६७ मध्ये, याच जबलपुरात एक मोठे प्रदर्शन भरले. प्रदर्शनात धान्याचे, कापडाचे, खनिजांचे नमुने मांडले जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. जबलपूरच्या या प्रदर्शनात मध्य प्रांतातील आदिवासी जमातींची जिवंत माणसेही आणली गेली. त्यांची पाहणी करण्यासाठी एक समिती होती. तिचा अहवाल १८६८ मध्ये नागपूर येथे छापला गेला. त्या अहवालाच्या शीर्षकातच या माणसांसाठी इंग्रजीत जो शब्द योजला आहे, त्याचा मराठी अर्थ ‘नमुने’ असा होतो. कलकत्त्यातही जगभरच्या जमातींची माणसे एकत्र आणून दाखविण्याची कल्पना त्याच सुमारास मांडली गेली होती. ती मात्र प्रत्यक्षात उतरली नाही. जबलपूरची उतरली. अहवाल पाहणाऱ्यांनी लिहिला. जे पाहिले गेले, त्यांच्या हाती लेखणी नव्हती.

‘नमुना’ या शब्दापाशी क्षणभर थांबावे लागते. नमुन्याला नाव नसते, गाव नसते, नकार देण्याची सोय नसते. एक नमुना दुसऱ्यासारखाच मानला जातो, म्हणून एकाकडे पाहून सर्वांविषयी विधान करता येते. या शब्दात ज्ञानाची हाव असेल, कुतूहलही असेल. परंतु समोरच्या माणसाशी नाते नाही.

आणि तरीही त्या काळच्या सर्वच लेखनाला एका मापाने मोजणे न्यायाचे होणार नाही. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश धर्मोपदेशक १८४५ पासून नागपुरात होते. गोंडांची भाषा त्यांनी अभ्यासली आणि गोंडांचा आद्यपुरुष लिंगो याचे दीर्घ गीत एका परधान गायकाकडून ऐकून लिहवून घेतले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटाजवळ नदी ओलांडताना ते बुडून मरण पावले. त्यांचे कागद मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेम्पल यांनी संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्या पुस्तकात लिंगोचे गीत मूळ गोंडी शब्दांसह छापले आहे. हे काम मोलाचे होते, यात संशय नाही. परंतु ग्रंथाच्या नामपृष्ठावर हिस्लॉप आणि टेम्पल ही दोन नावे आहेत. ज्याच्या कंठातून ते गीत आले, त्याचे नाव तेथे नाही. जतन करणाऱ्याचे श्रेय मान्य करावे आणि गाणाऱ्याची रिकामी जागाही दाखवून द्यावी. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात.

असेच दुसरे उदाहरण याच परिसरातील आहे. मध्य प्रांतातील जाती-जमातींविषयीचा आर. व्ही. रसेल यांचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. आजही ग्रंथालयात तो मागितला जातो. नामपृष्ठावर रसेल यांच्या नावाखाली साहाय्यक म्हणून रायबहादूर हिरालाल यांचे नाव आहे. हिरालाल हे त्या वेळी जबलपूर जिल्ह्यात असलेल्या मुडवारा, म्हणजे आजच्या कटनीचे. ते शिलालेखांचे जाणकार आणि या प्रदेशाचे व्यासंगी अभ्यासक होते. त्यांना निदान साहाय्यकाचे स्थान मिळाले. त्यांच्याही पलीकडे, गावोगावी ज्यांनी आपले विवाहविधी, आपली कुळे, आपले देव सांगितले, ते ‘एक जमात’ या नावाखाली विरून गेले. ज्ञानाच्या शिडीवर प्रत्येक पायरीला नाव लहान होत जाते आणि शेवटच्या पायरीवर ते नाहीसे होते.

नाव न राहणे ही केवळ मानापमानाची बाब असती, तर तिची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. छापलेल्या शब्दाचे परिणाम माणसांच्या जगण्यावर होतात. विल्यम स्लीमन यांचा जबलपूरशी संबंध सर्वांना परिचित आहे. स्लीमनाबाद हे गाव त्यांच्या नावाचे. ठगांच्या सांकेतिक भाषेवरील त्यांचे ‘रामसीआना’ हे पुस्तक १८३६ मध्ये निघाले. वाटमारी आणि खून हे खरे अपराध होते व त्यांचा बंदोबस्त आवश्यकच होता. परंतु त्या लेखनातून अपराध हा पिढीजात धंदा असतो, तो कुळातून उतरतो, अशी समजूत बळावली. पुढे १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला. अनेक भटक्या जमातींतील माणूस जन्मतःच संशयित ठरला. त्याला पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे, गाव सोडताना परवानगी घ्यावी लागे. स्वतंत्र भारतात तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण शिक्का पुसला गेला नाही. महाराष्ट्रात लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ज्यांच्याविषयी इतरांनी लिहिले होते त्यांची आपली बाजू मराठी वाचकाने त्यांच्याच शब्दांत वाचली. ग्रंथालयातील एक वाक्य पोलीस ठाण्यातील नोंदवहीत कसे उतरते, हे या इतिहासावरून समजते.

प्रेमाने लिहिणाऱ्यांचे काय, असा प्रश्न येथे उभा राहतो. त्याचे उत्तर मंडला-दिंडोरीच्या डोंगरांत आहे. वेरिअर एल्विन आणि त्यांचे मराठी सहकारी शामराव हिवाळे हे १९३२ मध्ये मैकल डोंगररांगेतील करंजिया येथे येऊन राहिले. त्यांनी शाळा काढल्या, रुग्णांची सेवा केली, गोंड आणि बैगा यांची गाणी गोळा केली. बैगांवरील एल्विन यांचा मोठा ग्रंथ १९३९ मध्ये लंडनला निघाला. बैगांची बेवर शेती सरकारने कशी बंद पाडली आणि त्यामुळे त्यांचे मन कसे खचले, हे त्यांनी हिरिरीने मांडले. त्याच ग्रंथात बैगांच्या अत्यंत खासगी जीवनाचेही सविस्तर वर्णन आहे. तो ग्रंथ इंग्रजीत होता. ज्यांच्याविषयी तो लिहिला गेला, त्यांना तो वाचता येणे शक्य नव्हते. वाचता आला असता, तर कोणती पाने ठेवा आणि कोणती गाळा, असे बैगांनी सांगितले असते? हा प्रश्न एल्विन यांचा उपमर्द करण्यासाठी नाही. माया असली म्हणजे संमतीची गरज उरत नाही, असा समज मायाळू लेखकाचाही होऊ शकतो, एवढेच त्यातून दिसते.

मराठी माणसानेही या कथेत स्वतःला केवळ प्रेक्षक समजू नये. १७८१ मध्ये गढा-मंडल्याचे गोंड राज्य जिंकून घेतले ते सागरच्या मराठ्यांनी. पुढे हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि इंग्रज आले ते त्यानंतर. विद्येच्या क्षेत्रातही मराठी नावे ठळक आहेत. मालवणात जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पाया घालणारे डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्ये आदिवासींच्या भवितव्यावर ग्रंथ लिहिला व एल्विन यांच्या मतांचे खंडन केले. आदिवासींना संरक्षित ठेवावे की हिंदू समाजाचा मागासलेला भाग मानून त्यात मिसळू द्यावे, असा तो वाद होता. दोन्ही बाजूंना विद्वत्ता होती. परंतु ज्यांच्या भवितव्याचा तो वाद होता, त्यांना त्यात बोलावणे नव्हते. १९ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत जयपालसिंह मुंडा बोलावयास उभे राहिले, तेव्हा आदिवासींच्या वतीने एक आदिवासी देशासमोर बोलत होता. तो स्वर विद्वानांच्या वादात आधीच ऐकू यावयास हवा होता.

नंदुरबारकडील भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांच्या ‘स्टेज’ या कवितेचा विषय नेमका हाच आहे. व्यासपीठावर कोण बसते आणि ज्याचे दुःख सांगितले जाते तो कोठे बसतो, असा तिचा रोख आहे. त्यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठी शाळांच्या व्यासपीठांनी ती कविता एकदा स्वतःला उद्देशून वाचून पाहावी.

सुदैवाने चित्र बदलते आहे, आणि ते बदलणारे हात त्याच समाजांतले आहेत. ज्या नागपुरात हिस्लॉप यांनी लिंगोचे गीत लिहून घेतले, त्याच नागपुरात डॉ. मोतीरावण कंगाली या गोंड विद्वानाने बँकेतील नोकरी सांभाळून गोंडी भाषा, लिंगो आणि पुनेम, म्हणजे गोंडी धर्ममार्ग, यांवर आयुष्यभर लेखन केले. २०१५ मध्ये ते निवर्तले. दिंडोरी जिल्ह्यातील पाटनगढ या गावी एल्विन आणि हिवाळे यांनी पुढे वास्तव्य केले होते. हिवाळे यांनी परधानांवर लिहिलेला ग्रंथ १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. परधान म्हणजे गोंड यजमानांच्या दारी बाना वाजवून वंशावळी आणि देवकथा गाणारे. त्याच पाटनगढच्या परधान घराण्यातून जनगढसिंह श्याम हे चित्रकार पुढे आले. भोपाळच्या भारत भवनातून त्यांची चित्रे १९८९ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनापर्यंत पोहोचली. २००१ मध्ये जपानमध्ये त्यांचा करुण अंत झाला. परंतु त्यांची शैली आज ‘जनगढ कलम’ या नावाने ओळखली जाते. १८६६ च्या जबलपूरच्या प्रदर्शनात माणूस ‘नमुना’ म्हणून उभा होता. १९८९ च्या प्रदर्शनात त्याच अरण्यप्रदेशातला माणूस स्वतःचे नाव घेऊन गेला. सव्वाशे वर्षांत एवढे अंतर कापले गेले.

बाहेरच्या जगातही हेच प्रश्न आज न्यायालयांत आणि विद्यापीठांत विचारले जात आहेत. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनच्या दरीत राहणाऱ्या हवासुपाई लोकांनी १९९० नंतर मधुमेहाच्या अभ्यासासाठी एका विद्यापीठाला आपले रक्त दिले. पुढे तेच रक्त त्यांना न सांगता मनोविकारांच्या आणि पूर्वजांच्या स्थलांतराच्या अभ्यासासाठी वापरले गेले. ते न्यायालयात गेले. २०१० मध्ये तडजोड झाली. विद्यापीठाने सात लाख डॉलर दिले आणि रक्ताचे नमुने परत केले. आफ्रिकेच्या दक्षिणेतील सान लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय आणि आस्था या तिच्या मुख्य अटी आहेत. भारतातही आरोग्यविषयक संशोधनासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आहेत. गावाच्या वनस्पतिज्ञानाची नोंद ठेवण्याची व्यवस्था २००२ च्या जैवविविधता कायद्यामुळे आली आहे. या शाळेचे जे माजी विद्यार्थी आज वैद्यकीय महाविद्यालयांत, विद्यापीठांत, वनखात्यात वा वृत्तपत्रांत आहेत, त्यांच्यासाठी ही कागदावरची तत्त्वे रोजच्या कामाची आहेत.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. प्रत्येक गोष्टीला संमती मागत बसले तर विद्या थांबेल. हिस्लॉप यांनी गीत लिहून घेतले नसते, तर ते कदाचित नष्ट झाले असते. आणि समाजातील अप्रिय सत्य कोणी लिहायचेच नाही का? विद्या मुक्त असावी, हे खरे. पण मुक्त विद्या म्हणजे कोणाच्याही घरात न विचारता शिरण्याची मोकळीक नव्हे. टीकाही करता येते. मात्र ज्याच्यावर टीका आहे, त्याला ती वाचता यावी आणि तिला उत्तर देता यावे, अशा भाषेत आणि अशा ठिकाणी ती असावी. विचारून लिहिल्याने लेखन थोडे सावकाश होते. खोटे मात्र ते कमी होते, कारण सांगणाराच चुका दुरुस्त करतो.

मग शाळेने मुलांना काय शिकवावे? मंडल्याच्या सहलीहून परतलेला विद्यार्थी प्रकल्पवही लिहितो, तेव्हा काही साध्या सवयी त्याला लावता येतील. लिहिण्यापूर्वी विचारावे, आणि नाही म्हटले तर वही मिटावी. सांगणाऱ्याचे नाव घालावे की झाकावे, हे त्याच्यावर सोपवावे. कारण काहींना नावाने मान मिळतो, तर काहींना त्रासही होऊ शकतो. बैगा गुनियाने एखादी वनौषधी विश्वासाने दाखविली, तर ती छापण्याजोगी आहे का, हे त्यालाच विचारावे. ‘बैगा लोक असे असतात’ असे न लिहिता ‘या गावातल्या या आजींनी असे सांगितले’ असे लिहावे. आणि वही तपासून झाल्यावर तिची एक प्रत, शक्य तर हिंदीत, त्या गावी परत जावी. गुण देणाऱ्या शिक्षकांनी या शेवटच्या गोष्टीला गुण ठेवले, तर बाकीच्या सवयी आपोआप लागतील.

पालकांचाही यात वाटा आहे. शाळाशाळांच्या स्नेहसंमेलनांत वर्षानुवर्षे एक ‘आदिवासी नृत्य’ होत आले आहे. मुलांच्या तोंडाला काळा रंग, कमरेला पाने, डोक्यात कागदी पिसे, हातात भाला आणि पार्श्वभूमीला अर्थहीन आरोळ्या. असा गोंड कोठे नाही, असा बैगा नाही, असा भिल्लही नाही. हे सोंग वाईट हेतूने कोणी काढले नाही. हौसेने काढले, मुलांना सजविण्यात आयांनी रात्री जागविल्या. पण त्या सभागृहात एखादे गोंड कुटुंब बसलेले असेल, तर त्या मुलाला स्वतःच्या आजीचे तोंड त्या काळ्या रंगात शोधावे लागते. तेव्हा ते रंगमंचही १८६६ चे प्रदर्शनच ठरते. मुलांनी करमा किंवा सैला नाचायचा असेल, तर तो नाचणाऱ्या गावातून कोणाला सन्मानाने, मानधन देऊन बोलावावे, त्यांच्याकडून शिकावे आणि कार्यक्रमपत्रिकेवर त्यांचे नाव गुरू म्हणून छापावे. यासाठी फार मोठा खर्च येत नाही. जुनी सोय मात्र सोडावी लागते.

मराठी भाषा या शहरात अल्पसंख्य आहे. आपल्याविषयी दुसऱ्याने चुकीचे लिहिले, आपली आडनावे वेडीवाकडी छापली, आपल्या सणांना हसले, तर काय वाटते, हे जबलपूरच्या मराठी घरांना समजावून सांगण्याची गरज नाही. तीच जाणीव अधिक मुक्या माणसांपर्यंत नेणे, एवढेच ऋणफेडीचे पहिले पाऊल आहे.

या शाळेतून पुढील साठ वर्षांत अनेक ग्रंथ, प्रबंध, बातम्या आणि अहवाल लिहिणारे हात तयार होतील. त्यांतील एखादे पुस्तक करंजियाच्या किंवा पाटनगढच्या एखाद्या अंगणात उघडले जाईल. घरातली नात ते आजीला वाचून दाखवील, आणि आजी म्हणेल, ‘हो, मी असेच सांगितले होते.’ शाळेच्या शतक महोत्सवात असे एक पुस्तक मांडता आले, तर हीरक महोत्सवातील हा विचार व्यर्थ गेला नाही, असे म्हणता येईल.

सर्वांना हीरक महोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा.